दहावीनंतर काय? आधी स्वतःची ओळख

दहावीचा निकाल लागला की घरातले फोन वाजायला लागतात. "किती टक्के पडले?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "मग आता कुठली साइड?" तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला किंवा हैदराबादला. बोर्ड वेगळं असेल, शाळेची भाषा वेगळी असेल, पण हा फोन सगळ्या मराठी घरांत सारखाच येतो. निकाल आणि अकरावीचा प्रवेश यांच्यामध्ये वेळ थोडाच असतो, आणि तेवढ्यात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानं पुढच्या कितीतरी वर्षांचं ठरवायचं असतं.

आपण मुलांना विचारतो, "तुला काय व्हायचंय?" या प्रश्नाला उत्तर म्हणून एक नाव मिळतं. डॉक्टर, वकील, पायलट, यूट्यूबर. पण हे नाव म्हणजे दारावरची पाटी. पाटीमागे दिवसभर काय काम चालतं, ते मुलाला ठाऊक नसतं, आणि पुष्कळदा आपल्यालाही नसतं. वकील म्हटलं की कोर्टातला युक्तिवाद डोळ्यांसमोर येतो. त्याआधी तासन् तास कागद वाचावे लागतात, ते दिसत नाही. प्रोग्रामर म्हटलं की तयार झालेलं अ‍ॅप दिसतं. एक चूक शोधण्यात घालवलेली दुपार दिसत नाही.

म्हणून प्रश्न थोडा बदलू या. "काय व्हायला आवडेल?" याऐवजी "काय करायला आवडतं?" आणि त्याच्या पुढचा, जास्त महत्त्वाचा प्रश्न: "त्या कामातला कंटाळवाणा भाग तुला चालतो का?" क्रिकेट सगळ्यांनाच आवडतं, पण रोज शंभर झेल घेण्याचा सराव ज्याला चालतो त्याची आवड टिकते. स्वयंपाक आवडतो, ठीक. कांदा चिरणं आणि शेवटी ओटा आवरणंही चालतं का?

आता ही आवड ओळखायची कशी? जॉन हॉलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ साली एक मांडणी केली. आजही करिअर मार्गदर्शनातल्या बऱ्याच चाचण्या तिच्यावर उभ्या आहेत. त्यानं माणसांच्या कामाच्या आवडीचे सहा प्रकार सांगितले. ते आपण आपल्या गणपतीच्या मंडळात पाहू.

पहिला मुलगा शिडीवर चढून दिव्यांच्या माळा जोडतो. हाताने काम करण्याची आवड. दुसरा, माइक मधेच का किंचाळतो याचा शोध घेत बसतो. शोधक वृत्ती. तिसरी मुलगी मखराची कल्पना काढते आणि रंग ठरवते. कलेची आवड. चौथी लहान मुलांचा नाच बसवते, रडणाऱ्याला समजावते. माणसांना मदत करण्याची, शिकवण्याची आवड. पाचवा घरोघर जाऊन वर्गणी गोळा करतो, दुकानदाराला जाहिरात द्यायला तयार करतो. पुढाकार घेऊन लोकांना राजी करण्याची आवड. आणि सहावी शांतपणे पावत्या लावते, रुपयान् रुपयाचा हिशेब जुळवते. नीटनेटकेपणाची, व्यवस्थेची आवड.

हॉलंडचं म्हणणं असं की कुणीही एकाच प्रकारचं नसतं. दोन-तीन प्रकार ठळक असतात, बाकीचे फिके. कामांचीही तशीच वर्गवारी करता येते, आणि आपला प्रकार कामाच्या प्रकाराशी जितका जुळेल तितकं समाधान जास्त. हिशेब आवडणारी आणि माणसांत रमणारी मुलगी बँकेत ग्राहकांसमोर खुलेल. तिलाच एकांतातल्या संशोधनात बसवलं तर ती हुशार असूनही कोमेजेल.

मग एक चाचणी दिली की काम झालं का? नाही. चाचणीत विचारतात, यंत्र दुरुस्त करायला आवडेल का? ज्यानं आयुष्यात कधी पाना-पकड हातात धरली नाही, तो काय उत्तर देणार? आपली मुलं शाळा, क्लास आणि मोबाइल यांतच वाढली असतील, तर त्यांना स्वतःबद्दल फारसं ठाऊक नसणारच. त्यात त्यांची चूक नाही. स्वतःची ओळख नुसता विचार करून होत नाही. आधी काहीतरी करून पाहावं लागतं.

दुसरी गोष्ट, आवड आणि क्षमता वेगळ्या आहेत. क्षमतेसाठी अभिक्षमता चाचण्या असतात. त्या तज्ज्ञाकडून करून घ्या आणि निकाल समजावून घ्या. नुसते गुण पाहून निष्कर्ष काढू नका. कधीकधी विषय आवडतो तो शिकवणाऱ्या बाईंमुळे. बाई बदलल्या की आवडही जाते. आणि कधी उलटंही होतं.

तिसरी गोष्ट, कुठल्या निवडीनं कुठलं दार बंद होतं ते आधी पाहा. जेईईचा पेपर गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचा. नीटचा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचा. एनडीएत भूदलासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते, वायुदल आणि नौदलासाठी विज्ञानाचे विषय आणि गणित लागतं, आणि लेखी परीक्षेत गणिताचा पेपर मात्र सगळ्यांनाच असतो. सीए किंवा कायद्याच्या क्लॅटसाठी शाखेची अट नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं कला, वाणिज्य, विज्ञान यांच्यातल्या भिंती कमी करायला सांगितलं आहे, पण तुमच्या मुलाच्या कॉलेजात विषयांची कोणती जोडी खरोखर मिळते, ते तिथेच जाऊन विचारा. गणित सोडणं सोपं असतं, दोन वर्षांनी पुन्हा धरणं अवघड.

बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबांनी आणखी एक पाहावं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात असतात. राज्याच्या वाट्याच्या जागांना त्या त्या राज्याचे रहिवासाचे नियम लागतात. अकरावी-बारावी कुठल्या राज्यात करायची, हा निर्णय त्यामुळे मोठा ठरू शकतो.

आता आईबाबांसाठी दोन शब्द. तुमची काळजी खरी आहे. फी आहे, कर्ज आहे, धाकट्याचं शिक्षण आहे. ती काळजी "तुझ्यानं हे होणार नाही" अशा शब्दांत बाहेर काढू नका. त्यापेक्षा सरळ सांगा, "आपल्याकडे शिक्षणासाठी एवढे पैसे आहेत, याच्या वर कर्ज काढावं लागेल." सोळा वर्षांच्या मुलाला आकडा कळतो. न सांगितलेला आकडा मात्र त्याला नकारासारखा वाटतो. आणि "शर्माजींचा मुलगा बघ" किंवा "जोशांची मुलगी बघ" हे वाक्य महिनाभर बंद ठेवा.

त्या महिन्यात एक वही घाला. रोज रात्री मुलानं चार ओळी लिहायच्या: आज काय केलं, कुणी सांगितलं म्हणून केलं की आपणहून, कुठला भाग कंटाळवाणा वाटला, आणि तरी पुन्हा करावंसं वाटतं का. वही त्याची आहे. त्यानं दाखवली तरच पाहायची. त्याच महिन्यात दोन दिवस, ओळखीतल्या कुणाच्या तरी कामाच्या जागी त्याला बसवा. दवाखाना, गॅरेज, सीएचं ऑफिस, शाळा, छापखाना, जे जमेल ते. संध्याकाळी एवढंच विचारा, "कंटाळा कधी आला?"

महिन्याअखेर उत्तर पक्कं मिळेलच असं नाही. पण "हे मला नको, कारण…" हे वाक्य मूल पूर्ण करू शकेल, आणि तेवढ्यानं यादी निम्मी होते. उरलेल्या दोन-तीन वाटांतून निवडताना त्याच्याकडे कारणं असतील. उद्या निवड चुकली, तरी काय चुकलं ते त्याला सांगता येईल, आणि तेव्हा ते सांगायला तो आधी तुमच्याकडेच यावा. म्हणून आजच त्याला सांगून ठेवा की वाट बदलावी लागली तरी घरात कुणी हिणवणार नाही.

वही आज रात्रीच सुरू करा. पुढच्या भागात भेटू.