ऐकून घेणेही शिकावे लागते

रुग्णाचे बोलणे डॉक्टर सरासरी १८ सेकंदांतच तोडतात, असे अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांना १९८४ साली आढळले. आपल्याकडे वेगळे चित्र असेल असे मला वाटत नाही.

आशाताईंच्या शिबिरात मी यासाठी एक खेळ घेतो. तिघींचा गट करायचा. एकीने आपली खरी अडचण तीन मिनिटे सांगायची, दुसरीने ऐकायचे, तिसरीने नुसते पाहायचे. मध्ये बोलायचे नाही. सल्ला तर नाहीच. शेवटी ऐकणारीने ऐकलेले आपल्या शब्दांत सांगून "असंच ना?" असे विचारायचे. मग कामे बदलायची. गप्प बसणेच सर्वांत जड जाते. (विषय सासूचा निघाला तर विचारूच नका!) ऐकणारीची नजर घड्याळाकडे कधी गेली, हे मात्र तिसरीलाच दिसते.

हा खटाटोप कशासाठी? गरोदर बाई "डोकं दुखतंय" म्हणते आणि आपण लगेच "ऊन लागलं असेल" म्हणून मोकळे होतो. "डोळ्यांपुढे अंधारी येते, तोंडावर सूज आहे," हे तिचे पुढचे वाक्य राहूनच जाते. ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणे असू शकतात. आईच्या आणि बाळाच्याही जिवाला त्यात धोका असतो. तिचा रक्तदाब त्याच दिवशी मोजून घ्यावा.