चौकीदार ठेवावा की खोटा गल्ला मांडावा?

गंगापूर रोडवर आज संगणकाशिवाय दुकान सापडणे कठीण. बिले, जीएसटीचा हिशेब, उधारीची खाती सारे त्यातच. परंतु रात्री शटरला दोन कुलुपे लावणारे आमचे व्यापारी बंधू संगणकाचे दार मात्र सताड उघडे ठेवून घरी जातात. या दाराचे दोन राखणदार आहेत, त्यांची ओळख करून घेऊ.

पहिला ‘इंट्रुजन प्रिव्हेन्शन सिस्टीम’. हा दारावरचा चौकीदार. येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीची झडती घेऊन ओळखीच्या चोराला तो जागीच अडवतो. मात्र नव्या चोराचा चेहरा त्याच्या यादीत नसतो, आणि कधी कधी तो प्रामाणिक गिऱ्हाईकालाही परत पाठवतो.

दुसरा ‘हनीपॉट’, म्हणजे मुद्दाम मांडलेला खोटा गल्ला. तेथे कोणाचेच काम नसते, म्हणून ज्याने हात लावला तो संशयित. हा चोराला अडवत नाही, त्याची चाहूल देतो.

याचे जुने उदाहरण हिशेबाच्या माणसाला पटेल असे आहे. १९८६ साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल यांना खात्यात अवघ्या ७५ सेंटचा फरक आढळला. त्यांनी तो सोडून दिला नाही. पुढे बनावट कागदपत्रांचे आमिष मांडून घुसखोराला गुंतवून ठेवले आणि त्याचा माग पश्चिम जर्मनीपर्यंत लागला.

आता घराजवळचे पाहा. नाशिकचा कांदा आणि द्राक्षे ज्या न्हावाशेवा बंदरातून परदेशी जातात, तेथील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ विषाणूने ठप्प केले. मर्स्कने जगभरातील आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले. हा विषाणू ज्या भगदाडातून शिरत होता, त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. पण तो आतील पासवर्ड चोरून दुरुस्त केलेल्या संगणकांतही पसरला. खरी किल्ली घेऊन आलेल्याला चौकीदार मालकच समजतो. अशा वेळी आतला खोटा गल्ला इशारा देऊ शकतो, पण तो इशारा ऐकायला कोणी जागे हवे.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे : लहान दुकानदाराने आधी संगणकातील दुरुस्त्या वेळेवर कराव्यात आणि हिशेबाची एक प्रत संगणकापासून वेगळी काढून ठेवावी. चार-सहा संगणक असतील तर चौकीदाराची सोय असलेले फायरवॉल घ्यावे. खोटा गल्ला मात्र पगारी जाणकार असेल तरच मांडावा. बेवारस सोडला तर चोर त्यातूनच पुढच्या खोलीत शिरेल.

आणि पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम दूर जाते.