प्रतिमा मोडण्याची किंमत : नायकांना पठडीबाहेरची भूमिका जड का जाते?

लक्ष्मीकांत बेर्डे यांचे नाव जाहिरातीत दिसले की प्रेक्षक हसण्याच्या तयारीनेच चित्रपटगृहात शिरत. ‘धूमधडाका’ (१९८५) आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या चित्रपटांनी ती सवय लावली होती. १९९२ मधील ‘एक होता विदूषक’मध्ये मात्र त्यांनी तमाशातील सोंगाड्याचे दुःख साकारले. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, लेखन पु. ल. देशपांडे यांचे, गीते ना. धों. महानोर यांची. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही या चित्रपटाला व्यावसायिक यश लाभले नाही आणि बेर्डे पुन्हा विनोदाकडे वळले.

अभिनय उणा पडला, असे या अपयशाचे कारण सांगता येत नाही. नायकाची पडदाप्रतिमा ही प्रेक्षकाला दिलेली आगाऊ हमी असते. वितरक त्या नावावर पैसे लावतो, प्रेक्षक त्याच नावावर तिकीट काढतो. भूमिका बदलली की हमी मोडते. मग ती भूमिका कितीही सरस असो.

प्रतिमा घट्ट होण्यापूर्वी नायकाला थोडी मोकळीक असते. १९७५ या एकाच वर्षात अमिताभ बच्चन ‘दीवार’ आणि ‘शोले’मध्ये झळकले, तसेच ‘चुपके चुपके’मध्ये वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक असल्याचे सोंगही त्यांनी आणले. प्रेक्षकांनी तेही आनंदाने स्वीकारले. दोनच वर्षांनी त्याच हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘आलाप’मध्ये ते संगीतवेडा तरुण म्हणून आले, तेव्हा प्रेक्षकांनी पाठ फिरवली. त्याच वर्षी ‘अमर अकबर अँथनी’ला मात्र गर्दी लोटत होती. दिग्दर्शक तोच, नट तोच. मधल्या काळात ‘संतप्त तरुण’ ही ओळख पक्की झाली होती.

दुःखाकडून हास्याकडे जाणे त्या मानाने सोपे. शोकांतिकांचे बादशहा ठरलेल्या दिलीपकुमार यांनी वैद्यकीय सल्ल्यावरून हलक्याफुलक्या भूमिका पत्करल्या. ‘आझाद’ (१९५५), ‘कोहिनूर’ (१९६०) आणि ‘राम और श्याम’ (१९६७) हे तिन्ही चित्रपट गाजले. रडायला आलेला माणूस हसून बाहेर पडला तर तक्रार करीत नाही. हसायला आलेल्याला रडविले, तर त्याला फसवणूक वाटते. बेर्डे यांची वाट नेमकी उलटी होती.

खलनायक प्राण यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. मुलाचे नाव प्राण ठेवण्यास पालक कचरत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाई. मनोजकुमार यांच्या ‘उपकार’मध्ये (१९६७) त्यांनी अपंग, सहृदय मलंगचाचा उभा केला आणि सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळविला. यात त्यांच्या कसबाचा वाटा मोठा आहेच. पण चित्रपटाचा आर्थिक भार त्यांच्या नावावर नव्हता, हेही विसरता येणार नाही. चरित्र अभिनेत्याला परवडणारी जोखीम नायकाला परवडत नाही.

ती जोखीम नायकाने स्वतःच उचलली तर चित्र पालटते. मल्याळम अभिनेते मम्मुट्टी यांनी सत्तरी ओलांडल्यावर ‘काथल - द कोअर’ (२०२३) या चित्रपटात आपली समलैंगिकता दडवून संसार करणाऱ्या विवाहित पुरुषाची भूमिका केली. निर्मिती त्यांच्याच संस्थेची होती. चित्रपटाला केरळ राज्याचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी कृष्णधवल ‘ब्रमयुगम’मध्ये ते क्रूर, मायावी जमीनदार होऊन प्रेक्षकांसमोर आले.