पहिले ग्राहक, पश्चात्ताप आणि ब्रँडनिष्ठा

नवा स्मार्टफोन विक्रीस येताच तो घेणारा ग्राहक उतावळा असतो आणि पुढे त्याला होणारा पश्चात्ताप हे त्या उतावळेपणाचेच फळ असते, असे सर्रास मानले जाते. नवकल्पनांच्या प्रसारावरील १९६२च्या ग्रंथात एव्हरेट रॉजर्स यांनी केलेली वर्गवारी मात्र याहून सूक्ष्म आहे. धोका पत्करून सर्वांत आधी पुढे होणाऱ्या सुमारे २.५ टक्के लोकांना ते ‘नवप्रवर्तक’ मानतात. त्यांच्यामागून येणारा सुमारे १३.५ टक्क्यांचा ‘आद्य स्वीकारक’ गट पारखून निर्णय घेणारा असतो आणि म्हणूनच इतर लोक त्याचा सल्ला मागतात.

वस्तू सदोष निघाली तरच पश्चात्ताप होतो, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. २९ जून २००७ रोजी अमेरिकेत पहिला आयफोन विक्रीस आला, तेव्हा ८ गिगाबाइट साठवणक्षमतेच्या फोनची किंमत ५९९ डॉलर होती आणि ५ सप्टेंबरला, म्हणजे जेमतेम दहा आठवड्यांत, अ‍ॅपलने ती ३९९ डॉलरवर आणली. आधी घेतलेल्या फोनमधील एकही सुविधा त्यामुळे कमी झाली नव्हती, तरीही तक्रारींचा असा भडिमार झाला की अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांना दुसऱ्याच दिवशी जाहीर पत्र काढून आधीच्या ग्राहकांना १०० डॉलरची सवलत देऊ करावी लागली. ही रक्कम रोख नव्हती, ती अ‍ॅपलच्याच दुकानांत खर्च करायची होती, हे व्यापारी चातुर्य नजरेआड करण्यासारखे नाही. १९८२ मध्ये अर्थशास्त्रात मांडल्या गेलेल्या पश्चात्ताप-सिद्धान्तानुसार माणूस पदरात पडलेल्या फळाचे मोल, न निवडलेल्या पर्यायातून काय मिळाले असते त्याच्याशी ताडून ठरवतो. येथे तो पर्याय ‘थोडे थांबलो असतो तर’ हा होता आणि त्याची किंमत दुकानाच्या फलकावरच लिहिलेली होती.

नोकियाच्या ल्युमिया ९०० या फोनच्या ग्राहकांची अडचण आणखी निराळी होती. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेत हा फोन आला आणि जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की विंडोज फोन ८ ही पुढची कार्यप्रणाली, म्हणजे फोन चालवणारी मूळ आज्ञावली, जुन्या विंडोज फोनवर, म्हणजे ल्युमिया ९०० वरही, चालणार नाही. अशा वेळी सावधगिरीनेही फारसे काही साधत नाही, कारण पुढच्या योजनेची माहिती विक्रेत्याकडे असते आणि ग्राहकाकडे नसते.

एवढे होऊनही ग्राहक त्याच कंपनीकडे परततो, तेव्हा त्याला ब्रँडवेडा ठरवले जाते. विपणनाचे अभ्यासक जॉर्ज डे यांनी १९६९ मध्येच दाखवून दिले होते की पुनःपुन्हा केलेली खरेदी आणि मनातील पसंती या दोन स्वतंत्र गोष्टी असून, पसंतीविना होणारी पुनर्खरेदी ही आभासी निष्ठा होय. स्मार्टफोनच्या बाबतीत तिच्या मुळाशी बहुधा ‘बदल-खर्च’ असतो, म्हणजे दुसरीकडे वळताना सोडावी लागणारी विकत घेतलेली अ‍ॅप्स, अंगवळणी पडलेली मांडणी आणि साठवलेला मजकूर. आयफोन आणि अँड्रॉइड यांच्या दरम्यान व्हॉट्सअ‍ॅपवरील जुने संवाद नेण्याची अधिकृत सोय २०२१ पर्यंत नव्हती. त्या वर्षी ती आयफोनवरून सॅमसंगच्या काही फोनवर नेण्यापुरती झाली आणि उलट दिशेने २०२२ मध्ये. ज्या घरांत नातेवाइकांचे फोटो आणि आवाजी निरोप व्हॉट्सअ‍ॅपवरच साठलेले असतात, तेथे या खर्चाला निष्ठा म्हणणे ग्राहकावर अन्याय करणारे आहे.

खरी पसंतीही आंधळीच असते, असे नाही. सॅमसंगच्या गॅलॅक्सी नोट ७ या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्याने २ सप्टेंबर २०१६ रोजी फोन परत मागवण्यात आले, बदलून दिलेले फोनही पेटले आणि ऑक्टोबरमध्ये उत्पादनच बंद झाले. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारणे उघड केली: एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्याशी ऋण विद्युतअग्र वाकत होते, तर दुसऱ्याच्या बॅटरीत जोडकामावर राहिलेले टोकदार कंगोरे आतील विलगक पडद्याला भेदत होते. त्याच वर्षी आलेल्या नोट ८ कडे वळलेल्या जुन्या ग्राहकांपुढे निदान हा खुलासा होता.