बिबट्या जंगलातून आला, असं कोणी सांगितलं?

‘जंगलतोडीमुळे बिबट्या मानवी वस्तीत शिरला.’ जुन्नर-आंबेगावात कुठे बिबट्या दिसला की बातमीत हे वाक्य आलंच म्हणून समजा. निवेदक ते गंभीर चेहऱ्याने वाचतात, व्हॉट्सॲपवर ते फिरत राहतं, आणि शहरात बसून गावाची काळजी वाहणाऱ्यांना तर ते तोंडपाठच असतं. त्यामागोमाग उपायही ठरलेला: पकडा आणि जंगलात नेऊन सोडा.

असं म्हणणाऱ्यांनी एकदा जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकला जाऊन यावं. कुकडीच्या काठचं हे गाव. नदीपासून वर नजर फिरवली की ऊस दिसतो, कांदा दिसतो, मका दिसतो. मध्ये विहीर, पत्र्याचा गोठा, चार घरांची वस्ती आणि पुन्हा ऊस. यात तुटलेलं जंगल कुठलं? सदाहरित, पावसाळी जंगल बघायचं तर पश्चिमेला पन्नास-साठ किलोमीटरवर भीमाशंकर गाठावं लागतं. तिथे सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो, झाडांचे शेंडे एकमेकांत गुंततात आणि त्यांवरून शेकरू उड्या मारतं. त्या जंगलाला 1985 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. बोरीचा पट्टा मात्र पर्जन्यछायेतला. इथे माळरानं होती आणि पावसावरची बाजरी-मटकी होती.

मग बदललं काय? पाणी आलं. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांचा कुकडी प्रकल्प उभा राहिला, कालवे फिरले आणि बाजरीच्या जागी ऊस आला. जुन्नरमध्ये विघ्नहर, आंबेगावात भीमाशंकर असे सहकारी साखर कारखाने आले. आडसाली ऊस शेतात वर्ष-दीड वर्ष उभा असतो, दहा फुटांच्या वर जातो आणि आत पाचटाचा मऊ थर पडतो. लपायला आडोसा, प्यायला पाटाचं पाणी आणि हाकेच्या अंतरावर कुत्री-शेळ्या. मादीला पिल्लं वाढवायला आणखी काय हवं? उसातच जन्मलेल्या आणि उसातच मोठ्या झालेल्या बिबट्यांच्या पिढ्या इथे झाल्या आहेत. त्यांना ‘जंगलातून आले’ म्हणणं म्हणजे नारायणगावात जन्मलेल्या पोराला, पणजोबा कोकणातले म्हणून, ‘कोकणातून कधी आलास?’ असं विचारण्यासारखं आहे.

कोणाला हा नुसता तर्क वाटेल, म्हणून पुरावा. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या आत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून बिबट्यांची मोजणी केली. तो अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात अशा शेतीच्या मुलखात, दर शंभर चौरस किलोमीटरमागे साधारण पाच प्रौढ बिबटे सापडले. पुढच्या वर्षी त्यांच्या खाण्याचा अभ्यास आला. विष्ठा तपासल्यावर दिसलं की वजनाच्या हिशेबात 87 टक्के भक्ष्य पाळीव किंवा माणसाच्या आधाराने जगणारी जनावरं होती. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के, शेळ्यांचा जेमतेम 11. शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असूनही! शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते, कुत्रं मोकळं फिरतं.

आता त्या ‘जंगलात सोडा’ची गोष्ट. हा उपाय याच जुन्नरमध्ये करून झाला आहे. 2001 पासून इथले बिबटे पिंजऱ्यात धरून आसपासच्या जंगलांत सोडण्याची मोहीम निघाली. एकोणतीस बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटरवर नेऊन सोडले. त्याआधी जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. मोहिमेच्या काळात ते सरासरी सतरावर गेले. ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या संशोधनपत्रिकेने 2011 मध्ये हे आकडे छापले. जिथे सोडले त्या जंगलांच्या आसपासही हल्ले झाले. अनोळखी मुलखात टाकलेला, बिथरलेला प्राणी तिथे शहाण्यासारखा बसून राहत नाही, आणि इथे त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या धरतो. इतकं होऊनही 2026 मध्ये कोणी ‘जंगलात सोडा’ म्हणतं तेव्हा डोकं धरून बसावंसं वाटतं.

‘आजोबा’ नावाच्या बिबट्याची गोष्ट तर सिनेमामुळे घरोघरी पोचली. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला हा नर गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. तो घाटात थांबला नाही. शंभराहून अधिक किलोमीटर चालत, रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्याने कोणा माणसाला इजा केल्याची नोंद नाही.

उसात घर केलेली मादी कशी असते, ते तोडणीच्या हंगामात दिसतं. टोळी फड तोडत पुढे सरकते, कोयता पाचटापाशी येतो आणि खाली मांजराच्या पिल्लाएवढी, डोळेही न उघडलेली पिल्लं निघतात. तोडणी थांबते, वन विभागाला फोन जातो. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले पशुवैद्य येऊन पिल्लं तपासतात. संध्याकाळी तीच पिल्लं प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घालून, सापडली होती नेमक्या त्याच जागी ठेवतात. जवळ कॅमेरा लावतात आणि सगळे लांब सरकतात. अंधार पडल्यावर मादी येते. आधी क्रेटभोवती फिरते, हुंगते, पंजाने तो कलंडवते, मग एकेक पिल्लू मानेला धरून शेजारच्या उभ्या उसात नेते. असं पुनर्मीलन या भागात अनेकदा झालं आहे. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हा समज त्याच क्रेटमध्ये निकालात निघतो.

बाकीचे समज एकेका ओळीचे. पिंजऱ्यात सापडला तोच हल्लेखोर? पिंजऱ्यात बांधलेल्या शेळीकडे जो आधी येईल तो सापडतो. हल्ला त्यानेच केला का, हे वेगळं तपासावं लागतं. बिबट्या म्हणजेच चित्ता? चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं 1952 मध्येच जाहीर झालं. हल्ली मध्य प्रदेशात आहेत ते आफ्रिकेतून आणलेले किंवा त्यांची इथे जन्मलेली पिल्लं. वन विभाग रात्री गाडीतून गुपचूप बिबटे आणून सोडतो? स्थलांतराच्या त्या जुन्या मोहिमांमुळे ही शंका टिकून आहे, पण उसात पिल्लं जन्मत असताना बाहेरून आणायची गरजच पडत नाही.

यातल्या कशानेही गावकऱ्यांचा राग खोटा ठरत नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात साधारण तीन आठवड्यांत तिघांचा जीव गेला. त्यात दोन मुलं होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला. शेतीची थ्री-फेज वीज अनेकदा रात्रीच येते; मोटार चालू करायला आणि दारं मोडायला माणूस अंधारात उसाच्या कडेने जातो, वाकून पाण्याला वाट देतो. वाकलेला माणूस किंवा एकटं मूल बिबट्याला भक्ष्यासारखं दिसू शकतं. म्हणून शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी इथे बिबट्याच्या नावाने होते. गोठ्याला वरूनही पक्की जाळी, घराभोवती उसाविना मोकळी पट्टी, मेलेल्या कोंबड्या उघड्यावर न टाकणं आणि तिन्हीसांजेला लहान मुलांना एकटं बाहेर न पाठवणं ही कामं घर आणि ग्रामपंचायत मिळून करू शकतात. विजेचं वेळापत्रक मात्र महावितरणच बदलू शकतं.