शेतकऱ्यांची यादी आणि दोन ओळींचा कोड

‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ‘ऱ्य’ संगणकात दोन वेगळ्या प्रकारे साठवला जातो. एका पद्धतीत युनिकोड या अक्षरांच्या संकेतप्रणालीतले ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त आणि मग ‘य’. दुसरीत साधा ‘र’, हलन्त, त्यामागोमाग झीरो विड्थ जॉइनर नावाचे न दिसणारे चिन्ह आणि मग ‘य’. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याची शेतकऱ्यांची यादी दोन जणांनी दोन वेगळ्या कळफलकांवर भरली असेल, तर शोध घेणाऱ्या प्रोग्रामला त्यातल्या एकाच्याच नोंदी सापडतात. एरर येत नाही. नोंदी गळतात, आणि गळाल्याचे कुणाला कळतही नाही. उपाय दोन ओळींचा आहे: शोधण्याआधी सगळा मजकूर एकाच रूपात आणायचा. पण युनिकोडची नॉर्मलायझेशनची तयार सोय इथे अर्धेच काम करते. ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता यांचा ती ‘ऱ’ करते, जॉइनरचे रूप मात्र तसेच सोडते. तो बदल प्रोग्रामरला स्वतः लिहावा लागतो. कोडच्या दोन ओळी वाचून हे कारण समजत नाही. कुणी तरी ते शेजारी लिहून ठेवले असेल तरच पुढच्याला मिळते.

सॉफ्टवेअर लिहिणारी माणसे असे छोटे तुकडे एकमेकांना देत आली आहेत, तीही इंटरनेट घरोघरी येण्याच्या कितीतरी आधीपासून. अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतून १९७२च्या फेब्रुवारीत ‘हॅकमेम’ नावाचे टिपण निघाले. गणिताच्या आणि प्रोग्रामिंगच्या लहान लहान युक्त्या त्यात थोडक्यात स्पष्टीकरणासह जमवल्या होत्या. २००८मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रश्नोत्तरांचे आणि गिटहब हे कोड ठेवण्याचे संकेतस्थळ सुरू झाले आणि ही देवाणघेवाण जगभर पसरली. आज पुण्यातला अनुभवी इंजिनिअर आणि पुसदचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी एकाच उत्तरातून तोच तुकडा उचलू शकतात. ज्ञानाच्या वाटणीत इतकी समानता क्वचितच आली असेल, आणि म्हणूनच ती जपायला हवी. माझे म्हणणे एवढेच आहे की या देवाणघेवाणीत कोडपेक्षा त्यासोबतची टीप मोलाची असते: हा तुकडा का चालतो, कुठे चालत नाही, कशावर तपासला आहे.

याला चांगला पुरावा आहे. आंद्रेआस लुंडब्लाड या स्वीडिश प्रोग्रामरने २०१०मध्ये जावा भाषेतला एक छोटा तुकडा स्टॅक ओव्हरफ्लोवर दिला. फाईलचा आकार बाइटमध्ये घ्यायचा आणि माणसाला वाचता येईल असा किलोबाइट, मेगाबाइटमध्ये दाखवायचा, इतकेच त्याचे काम. पुढे सेबास्टियन बाल्टेस या संशोधकाच्या अभ्यासात तिथून सर्वाधिक कॉपी झालेला जावाचा तुकडा हाच ठरला. आणि त्यात चूक होती. ९,९९,९९९ बाइटचा आकार १ मेगाबाइट असा दिसायला हवा, तो १००० किलोबाइट असा दिसे. लुंडब्लाडने २०१९मध्ये स्वतःच ही चूक जाहीर केली आणि उत्तर दुरुस्त केले. मूळ उत्तर सुधारले, पण जिथे जिथे तो तुकडा चिकटवला गेला होता तिथे दुरुस्ती आपोआप पोचणे शक्यच नव्हते. घेणाऱ्याने ‘हे इथून घेतले’ अशी एक ओळ वर लिहिली असती, तर त्याला परत जाऊन पाहता आले असते. श्रेय देणे हा शिष्टाचार आहेच, शिवाय दुरुस्तीचा रस्ता उघडा ठेवण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरा पुरावा अधिक गंभीर आहे. यासेमिन अकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६मध्ये ५४ अँड्रॉइड प्रोग्रामरांना सुरक्षेशी संबंधित कामे करायला दिली. काहींना फक्त अधिकृत दस्तावेज वापरायची मुभा होती, काहींना फक्त पुस्तके, काहींना फक्त स्टॅक ओव्हरफ्लो, तर काहींना हवे ते. स्टॅक ओव्हरफ्लो वापरणाऱ्यांचा कोड चालण्याचे प्रमाण अधिकृत दस्तावेज वाचणाऱ्यांपेक्षा जास्त होते, पण सुरक्षिततेत तो कमी पडला. म्हणजे कोड ‘चालतो’ आणि कोड ‘बरोबर आहे’ यांत जे अंतर आहे, ते नुसता तुकडा देऊन भरत नाही.

तयार तुकडे मिळाले की विद्यार्थी ते नुसते उतरवतात, हा शिक्षकांचा आक्षेप ठरलेला असतो, आणि तो खोटा नाही. यवतमाळचे जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय असो, पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय असो की राज्यातले इतर कुठलेही, तयार कोड सगळीकडे हाताशी आहे. मोबाइलवर आलेला फोटो पाहून प्रॅक्टिकलची वही पूर्ण होऊ शकते. अशा उतरवण्याने कुणी प्रोग्रामर होत नाही. पण बंदी घालून हे थांबणार नाही. मागायची गोष्ट बदलली तर फरक पडेल. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने हे करून दाखवले आहे. त्यांच्या ‘टेक्स्टबुक कम्पॅनियन’ उपक्रमात देशभरातल्या विद्यार्थ्यांनी अभियांत्रिकीच्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे सायलॅब या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लिहून काढली. तो कोड कुणालाही उतरवून घेता येतो. इथे विद्यार्थी घेणारा नसून देणारा असतो, आणि पुस्तकातल्या उत्तराशी आपले उत्तर जुळवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. दुसऱ्याला द्यायचे म्हटले की माणूस तपासतो.

आणि यवतमाळच्या विद्यार्थ्याकडे देण्यासारखे पुष्कळ आहे. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या शब्द ओळखण्याच्या नेहमीच्या खुणेला काना-मात्रा अक्षरे वाटत नाहीत, म्हणून ती ‘यवतमाळ’चे ‘यवतम’ आणि ‘ळ’ असे दोन तुकडे करते. त्यावर देवनागरीचा ०९०० ते ०९७एफ हा संपूर्ण पट्टा नमुन्यात लिहायचा, हा सोपा उपाय. पण पूर्णविरामाचा दंड याच पट्ट्यात आहे, तो शब्दाला चिकटतो; आणि वर सांगितलेला जॉइनर पट्ट्याबाहेर आहे, त्यामुळे ‘शेतकऱ्यांना’चे एक रूप पुन्हा मधोमध तुटते. भाषेच्या पलीकडचीही माहिती लागते. जिल्ह्यात १६ तालुके आहेत. त्यातल्या केळापूर तालुक्याचे मुख्यालय पांढरकवड्याला आहे, म्हणून एका यादीत ‘केळापूर’ तर दुसरीत ‘पांढरकवडा’ असते. बाभुळगावचा ‘भु’ ऱ्हस्व की दीर्घ, झरी आणि जामणीच्या मधे आडवी रेघ आहे की नाही, यावर दोन याद्या जुळणे अवलंबून असते. जुन्या इंग्रजी कागदांत तर ‘यवतमाळ’चे स्पेलिंगच वेगळे आहे. या नावांचा ताळमेळ घालणारा वीस ओळींचा तक्ता एकदा नीट करून खुला ठेवला, तर जिल्ह्यासाठी काम करणाऱ्या पुढच्या प्रत्येकाचे श्रम वाचतील. बंगळूरमधला प्रोग्रामर तो करणार नाही, कारण त्याला ही अडचण आहे हेच ठाऊक नाही.

आता हे सगळे एआय सांगते, मग टिपा कशाला, असे कुणी विचारेल. सर्वसाधारण प्रश्नांसाठी ते खरे आहे. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून स्टॅक ओव्हरफ्लोवरचे नवे प्रश्न खूपच घटले. पण त्या यंत्राचे ज्ञान माणसांनी उघड्यावर लिहिलेल्या मजकुरातूनच आलेले आहे, आणि केळापूर-पांढरकवड्याचा घोटाळा कुणी लिहिलाच नसेल तर ते कुठून सांगणार? शिवाय खाजगी खिडकीत मिळालेले उत्तर विचारणाऱ्यापाशीच राहते. शेजारच्या टेबलावरचा माणूस उद्या तोच प्रश्न नव्याने विचारतो आणि त्याला कदाचित वेगळे उत्तर मिळते.

टिपा मराठीत लिहाव्यात का, हा प्रश्न मात्र खुल्या मनाने पाहायला हवा. कोड आणि एरर इंग्रजीत असतात, नोकरीतही इंग्रजी लागते, हे मान्य. आयआयटी मुंबईच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ने यावर काढलेला मार्ग मला पटतो: पडद्यावर सॉफ्टवेअर इंग्रजीतच, समजावणारा आवाज मराठीत. त्यांच्या पद्धतीत आणखी एक पायरी आहे. धड्याची संहिता तयार झाली की ती विषय अजिबात न येणाऱ्या माणसाला करून पाहायला देतात आणि तो जिथे अडेल तिथे संहिता सुधारतात. महाविद्यालयांना यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. प्रॅक्टिकलच्या गुणांतले थोडे गुण टिपेला ठेवावेत, आणि ती टीप दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने लिहिली असेल तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ती वापरून कोड चालवून दाखवावा.