ईदेआधीचे घरचे रंगकाम

शाबानचा चांद दिसला की मोहल्ल्यात घराघरांतून भिंती खरवडल्याचा आवाज येऊ लागतो. कारागिराची मजुरी परवडत नाही किंवा घरात दोन धडधाकट मुलगे आहेत, म्हणून कितीतरी कुटुंबे रंगकाम स्वतःच करतात. जरूर करावे. पण रंगाचा डबा आणण्याआधी भिंत नीट बघावी.

ओल्या भिंतीवर रंग टिकत नाही, मग तो कितीही महाग असो. पॉलिथिनचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमले, तर ओल भिंतीतच आहे. ती गच्चीतून येते की मोरीच्या पाइपातून, हे शोधून आधी तिचा बंदोबस्त करावा.

आता हिशेब. 10 बाय 12 फुटांची, 10 फूट उंच खोली असेल तर चार भिंती 440 चौरस फूट होतात. दार-खिडकी वजा केल्यावर सुमारे 400. डब्यावर किती चौरस फूट लिहिले आहे ते पाहून, दोन हात धरून रंग घ्यावा. (सातवी-आठवीच्या मुलाला हे गणित करायला द्या, क्षेत्रफळ जन्मभर विसरणार नाही.)

खरा धोका जुन्या रंगात असतो. घरगुती रंगांत शिसे 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः दारे-खिडक्या आणि ग्रिलवर, शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासला की धूळ घरभर पसरते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला आणि पोटातल्या बाळाला शिसे फार घातक असते. म्हणून पाणी शिंपडून, ओला करूनच खरवडा, नाकाला चांगला मास्क लावा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी नानीकडे पाठवा. फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

गावाकडे अजून कळीचा चुना घरीच भिजवतात. पिंपात आधी पाणी घ्यावे आणि त्यात थोडी थोडी कळी टाकावी. कळीवर पाणी ओतू नये. पाणी उकळू लागते, शिंतोडे उडतात. डोळ्यात चुना गेला तर नजर जाऊ शकते. चष्मा लावा आणि मुलांना लांब ठेवा. तरीही गेलाच, तर चोळू नका; वाहत्या पाण्याने कमीत कमी 15-20 मिनिटे डोळा धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. सुरमा, गुलाबपाणी काही घालू नका.

टेकवायची शिडी 12 फूट उंचीवर लावली, तर तिचे पाय भिंतीपासून 3 फूट असावेत. खाली एकाने धरून उभे राहावे. स्टुलावर स्टूल हा प्रकार नकोच. स्विचबोर्डाजवळ ओले काम करताना नुसते बटन नाही, मेन स्विच बंद करा. बोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत ड्रिल चालवू नका. वायर बहुधा तिथूनच गेलेली असते.

काम शाबानमध्येच उरकलेले बरे. राहिलेच, तर रोज्यात भर दुपारी शिडीवर चढू नये, चक्कर येते. इफ्तारनंतर हात लावा, खिडक्या उघड्या ठेवा आणि त्या रात्री झोपायला दुसरी खोली धरा.